अजिंठ्याच्या डोंगररांगेतले पाणी आणि पाठीवरची गाळणी

निघण्यापूर्वी

दिवाळी उलटली की अजिंठ्याच्या डोंगररांगेतले किल्ले पाहावेत. गवत अजून पुरते वाळलेले नसते, टाकी भरलेली असतात आणि वाटा मोकळ्या झालेल्या असतात. अडचण एवढीच की ऊन तेव्हाही कडक असते आणि दिवसभर चढउतार करणाऱ्या माणसाला चार लिटर पाणी सहज लागते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, त्यामुळे दोन दिवसांचे पाणी घ्यायचे म्हटले तरी पिशवी भरून जाते. म्हणून कन्नडपासून सोयगावपर्यंत गडांवरचेच पाणी प्यायचे आणि ते शुद्ध करण्याचे साधन सोबत न्यायचे, असे या वेळी ठरले. ते साधन कोणते, यावर मात्र निघेपर्यंत एकमत झाले नव्हते.

सोबतीला जालन्याच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे स्नेही होते, ज्यांना आम्ही सगळेच ‘सर’ म्हणतो, आणि पुण्यात नोकरी करणारा माझा पुतण्या होता. पुतण्याने दाबाची बाटली मागवली होती. तिच्या बाहेरच्या भांड्यात पाणी भरायचे, आतले भांडे त्यात बसवायचे आणि अंगाचा भार टाकून ते खाली दाबायचे, म्हणजे तळाच्या कार्ट्रिजमधून शुद्ध पाणी वर येते. या कार्ट्रिजमध्ये विषाणू धरून ठेवणारे माध्यम आणि सक्रिय कार्बन असे दोन्ही असल्यामुळे जंतू, विषाणू, वास असे बरेच काही एका दाबात निघते. पण रिकामी बाटलीच अर्धा किलोच्या आसपास भरते आणि कार्ट्रिज अडीचशे-तीनशे लिटरनंतर बदलावे लागते. माझ्याकडे पोकळ तंतूंची छोटी गाळणी होती. तिचे वजन शंभर ग्रॅमच्या आत असून आत शेवयांच्या जुडीसारखे बारीक पोकळ धागे भरलेले असतात. त्यांच्या भिंतींमधली छिद्रे 0.1 मायक्रॉनची असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आतड्यातल्या ई-कोलाय जिवाणूची जाडीच साधारण अर्धा मायक्रॉन, जुलाब लावणारे परजीवी म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियम चार ते सहा आणि जिआर्डिया आठ ते बारा मायक्रॉनचा, त्यामुळे ही सगळी मंडळी अडकतात. काविळीचे ‘ए’ आणि ‘ई’ विषाणू मात्र 0.03 मायक्रॉनच्या घरातले, म्हणजे या छिद्रांतून ते विनासायास पार होतात. सरांनी यांपैकी काहीच घेतले नव्हते. त्यांच्या खिशात क्लोरीनच्या गोळ्यांची एक पट्टी होती आणि ओळखीतून मिळवलेला एक टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगणारे उपकरण, होते.

अतिनील दिव्याचा विचार आम्ही सोडून दिला होता. बाटलीत फिरवायचा दिवा लिटरभर पाण्याला दीड मिनिटात पुरेसा होतो हे खरे, पण पाणी नितळ असावे लागते. गढुळातल्या कणांच्या सावलीत जंतू सुरक्षित राहतात, शिवाय बॅटरी उतरली की तो दिवा निव्वळ ओझे होतो. पाणी उकळणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरते, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटे लागतात आणि कळसूबाईच 1646 मीटरचे असल्यामुळे आपल्या राज्यात त्या तीन मिनिटांचा प्रश्नच येत नाही. तथापि भर दुपारी चार लिटर पाणी उकळायचे, ते निवण्याची वाट पाहायची आणि मग चालू लागायचे, हे कोणाच्याही हातून होत नाही.

शुक्रवार : वेरूळ, कन्नड, अंतूर

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळमार्गे कन्नडकडे जाताना रस्त्यावरच्या एका हॉटेलात मिसळ घेतली. टेबलावर स्टीलचा जग आला. पुतण्याने त्यातले पाणी पेल्यात ओतून घेतले, कारण हे नळाचे पाणी होते आणि त्याच्या मनातली भीती होती ती गडावरच्या पाण्याची. सरांनी पेला बाजूला सरकवला. आमच्या भागात अनेक गावांना आठवड्यातून एखाद्या दिवशी पाणी सुटते. उरलेले दिवस नळवाहिनी रिकामी असते. अशा रिकाम्या वाहिनीत दाब राहत नाही आणि ती गटाराशेजारून गेली असेल, तिचा एखादा जोड झिरपत असेल, तर बाहेरची घाण आत ओढली जाते. मग ते पाणी घरोघरी टाकीत, पिंपात साठवले जाते आणि टाकताना त्यात क्लोरीन असले तरी ते चार दिवसांत उडून जाते. पावसाळ्यात गावेच्या गावे काविळीने आजारी पडतात ती बहुधा अशा पाण्याने. थोडक्यात, विषाणूंचा धोका माणसांच्या वस्तीत जास्त असतो आणि नेमक्या त्याच ठिकाणी माझी गाळणी अपुरी पडणार होती. सरांनी बाटली भरून घेतली, पाकिटावरच्या मापाने गोळी टाकली आणि घड्याळ पाहिले. अर्धा तास थांबावे लागते, मिसळ खाऊन दुसरा चहा होईपर्यंत तो सरला. पुतण्याने तेवढ्यात आपल्या बाटलीत जगातले पाणी घालून, खुर्चीवरून उठून, तिच्यावर भार टाकला. दहा सेकंदांत त्याचे काम झाले. शेजारच्या टेबलावरची मंडळी जेवण थांबवून बघत होती. इथे त्याची बाटली सरस ठरली, हे मान्य करायला हवे.

कन्नडहून नागापूर आणि नागापूरहून अंतूर. किल्ल्याची तटबंदी, बुरूज आणि एकामागून एक येणारे दरवाजे यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी वरच्या तलावापाशीच थांबतो. काठावर शेळ्यांच्या लेंड्या होत्या, कडेच्या पाण्यावर हिरवट साय होती आणि मध्ये पाणी स्वच्छ दिसत होते. गाळणीची पिशवी साठलेल्या पाण्यात बुडवली की ती फुगतच नाही, तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटून राहतात. वाहत्या ओढ्यात ही अडचण येत नसल्यामुळे गाळणी बनवणाऱ्यांनी तिचा फारसा विचार केलेला दिसत नाही. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीचा तळ चाकूने कापून त्याचा पेला केला आणि त्याने पिशवी भरली. पुढे हा पेलाच सर्वांत उपयोगी वस्तू ठरला. गाळणीचा आटा शीतपेयाच्या बाटलीवर नेमका बसतो, पण आम्ही वाटेत विकत घेतलेल्या पाण्याच्या बाटल्यांवर बसला नाही. हे घरूनच पाहून घ्यावे.

पिशवी दोन्ही हातांनी दाबली की पाण्याची बोटभर जाडीची धार येते. पहिला लिटर मिनिटभरात झाला. पाणी चवीला शेवाळाचे लागत होते, कारण पोकळ तंतू वास आणि चव काढत नाहीत. ते काम कार्बनचे. सरांनी हिरवी साय दाखवून आणखी एक सूचना केली, जी माझ्या मते प्रत्येक ट्रेकरने लक्षात ठेवावी. निळसर हिरव्या शेवाळातले काही प्रकार पाण्यात विष सोडतात. ते विष विरघळलेले असते, त्यामुळे 0.1 मायक्रॉनच्या गाळणीलाही ते दिसत नाही आणि उकळूनही जात नाही. पाण्यावर रंग ओतल्यासारखा थर असेल तर ते पाणी सोडून द्यावे, साधन कितीही महाग असले तरी. आम्ही काठ सोडून, खडकावर ओणवे होऊन, आतले नितळ पाणी घेतले.

सूर्य कलल्यावर घाट उतरून, नागदमार्गे, बनोटीला देवळात मुक्काम केला. रात्री स्टोव्ह होता आणि वेळही होता, म्हणून दुसऱ्या दिवसाचे पाणी उकळून ठेवले.

शनिवार : सुतोंडा

सुतोंड्याला टाक्यांचा किल्ला म्हणावे. कातळात खोदलेला खंदक ओलांडून आत गेले की जागोजागी टाकी दिसतात, काही उघडी, काही खांब सोडून आत खोदलेली. खांबांच्या टाक्यांत सावली असल्यामुळे पाणी थंड आणि निवळशंख असते, पण छताला वटवाघळे लटकतात आणि त्यांची विष्ठा थेट पाण्यात पडते. दिसायला सर्वांत चांगले पाणी ते हे. आम्ही ते घेतले नाही. उघड्यावरच्या एका टाक्यात पाणी वितभर खाली होते, कडेने झाडोरा नव्हता, गुरे तिथवर पोहोचू शकत नव्हती. दोराला बांधलेल्या कापलेल्या बाटलीने तिथले पाणी काढले.

सरांनी टीडीएस मीटर बुडवला आणि आकडा शंभरच्या आतबाहेर आला. पुतण्याला तो आवडला, त्याच्या पुण्यातल्या घरी पाणी शुद्ध करण्याचे यंत्र विकायला आलेल्या माणसाने हाच मीटर वापरून सोसायटीचे पाणी वाईट ठरवले होते. मग मी गाळणीतून काढलेले पाणी पुढे केले. आकडा तोच राहिला. “म्हणजे काका, गाळणीने काहीच केलं नाही?” त्याने विचारले. सर हसले. हा मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढेच मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो. लक्षावधी जंतू असलेल्या पावसाच्या पाण्यातही आकडा खालीच राहणार, आणि ते सगळे गाळून काढले तरी तो हलणार नाही. या मीटरच्या जोरावर होणारी विक्री पाहिली की मला राग येतो. तो निरुपयोगी नाही, पण तो ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो प्रश्न डोंगरावर बहुधा नसतोच.

उतरल्यावर पायथ्याच्या नायगावात एका ओसरीवर बसलो. गाळणी पाहून घरातले वृद्ध गृहस्थ पुढे आले. आम्ही त्यांना बाबा म्हणत होतो. त्यांनी धोतर वर करून नडगीच्या खाली, घोट्याजवळचा व्रण दाखवला. कातडी तिथे आत ओढल्यासारखी होती, रुपयाएवढी, आणि तिच्या भोवती काळसर कडा होती.

“नारू. हितून निघाला व्हता. काडीला गुंडाळत गुंडाळत काढला, रोज थोडा थोडा. ओढला अन् तुटला म्हंजे पाय गेला. तवा बारवेत उतरून पाणी प्यायचो आमी.”

नारूच्या अळ्या पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जीवाच्या पोटात असतात. असे पाणी प्यायल्यावर साधारण वर्षभराने हातभराहून लांब कृमी पायातून बाहेर पडू लागतो आणि आग शमवण्यासाठी माणूस पाय पाण्यात सोडतो, की अळ्या पुन्हा पाण्यात. पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येणाऱ्या विहिरी म्हणजे या चक्राला आयतीच सोय, आणि मराठवाड्यात तर गावोगावी बारवा. या रोगावर औषध वा लस कधीच नव्हती; पाणी दाट कापडातून गाळणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, पाण्यात औषध टाकणे आणि हातपंप बसवणे एवढ्यावर तो गेला. देशातला शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. सायक्लॉप्स मिलिमीटरभर लांबीचा, त्यामुळे त्याला अडवायला कापडच पुरते. आज ट्रेकर गळ्यात अडकवतात ती ‘लाइफस्ट्रॉ’ नावाची नळीदेखील याच रोगातून आली : आफ्रिकेतल्या नारू निर्मूलनासाठी कार्टर सेंटर या संस्थेला पुरवलेल्या, जाळी बसवलेल्या साध्या नळीची ती पुढची आवृत्ती, 2005 साली बाजारात आलेली. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी माझी गाळणी हातात घेऊन वजन पाहिले आणि “आमचं धोतरच गाळणं व्हतं” म्हणून परत दिली.

रविवार : सोयगाव, वेताळवाडी

बनोटी ते सोयगाव रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी होती. पहिली वेचणी चालली होती आणि काही शेतांत पाठीवर पंप घेऊन फवारणीही सुरू होती. एका शेतविहिरीच्या काठावर पंप भरण्याची बादली, औषधाचा रिकामा डबा आणि पांढुरके ओघळ दिसले. विहीर बांधीव होती, पाणी हिरवेगार आणि थंड, आणि मालकाने आग्रहाने “प्या की सर” म्हटले. आम्ही गोड बोलून नकार दिला. कीटकनाशक पाण्यात विरघळलेले असते. पोकळ तंतू, क्लोरीन आणि अतिनील दिवा यांपैकी कशालाही ते अडत नाही. कार्बन काही प्रमाणात शोषतो, पण किती आणि कुठवर हे शेताच्या बांधावर उभे राहून कोणालाही सांगता येत नाही. कपाशीच्या हंगामात शेतविहिरीपेक्षा गडावरचे टाके बरे, कारण टाक्याच्या वरच्या अंगाला शेत नसते.

वेताळवाडीच्या पायथ्याला धरण आहे आणि हळद्या घाटाची वाट किल्ल्याच्या खांद्यावरून जाते. वर पाणी होते, तेच आदल्या दिवसासारखे गाळून घेतले. संध्याकाळी उतरून एका वस्तीवर मुक्काम केला तेव्हा मात्र आमच्या सगळ्या साधनांची परीक्षा झाली आणि सगळीच नापास झाली. वस्तीवर बोअर होता. पाणी आरशासारखे स्वच्छ, ना वास, ना शेवाळ. मीटरने चौदाशेच्या वर आकडा दाखवला.

“ह्या पाण्यात डाळ शिजत न्हाई, दादा,” घरातल्या मावशी म्हणाल्या, “प्यायला जार आणतो आमी गावातून.”

मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्ट खडकावर आहे आणि त्या खडकाच्या भेगांत मुरलेले पाणी जितके खोल जावे तितके जड होत जाते. भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावेत. म्हणजे हे पाणी एखाद्या दिवशी प्यायल्याने कोणी आजारी पडणार नव्हते. पण बोअरच्या पाण्यात क्षारांसोबत नायट्रेट आणि फ्लोराइडही असू शकते. नायट्रेटची मर्यादा 45 मिलिग्रॅम आहे आणि फ्लोराइडची फार तर 1.5. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट भागात फ्लोराइडने दात पिवळे पडलेली आणि हाडे वाकलेली माणसे दिसतात. यातले काहीही माझ्या गाळणीने निघत नाही, गोळीने निघत नाही, आणि उकळल्याने तर वाफ जाऊन क्षार उलट दाट होतात. पुतण्याने तरीही बाटली दाबून पाहिली. आकडा जेमतेम हलला. ज्या आरओने हे क्षार निघतात त्याला दाब, वीज आणि वाया घालवायला पाणी लागते. पाठीवर वाहता येईल असा आरओ नाही.

म्हणून आम्हीही जारचेच पाणी घेतले. गावात पाच रुपयांचे नाणे टाकले की वीस लिटर देणारे यंत्र होते. सरांनी त्या पाण्यातही गोळी टाकली, कारण आरओतून निघालेले पाणी शुद्ध असले तरी त्यात क्लोरीन उरत नाही आणि जार कोणी, कशाने धुतला हे आपल्याला ठाऊक नसते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो आणि क्लोरीन उरले आहे का हे सांगणारी ओटी टेस्ट करून नळाच्या पाण्याला पिवळा रंग येतो का ते पाहतो. तो पिवळा रंग हेच पाणी वाटेत बिघडणार नाही याचे आश्वासन असते. जारच्या पाण्याला ते आश्वासन नाही.

रात्री गप्पा 2016 च्या उन्हाळ्यावर गेल्या, जेव्हा मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते आणि 12 एप्रिलला पहिली गाडी पाच लाख लिटर घेऊन पोहोचली होती. सरांचे त्या वेळी लातूरला पोस्टिंग होते. त्यांच्या सांगण्यातला आमच्या कामाचा भाग एवढाच की एप्रिल-मेमध्ये आमच्याकडच्या किल्ल्यांवर गाळणी नेण्यात अर्थ नाही, गाळायला पाणीच नसते. तेव्हा पाणी खांद्यावरूनच न्यावे.

सोमवार : जंजाळा, घटोत्कच लेणी

हळद्या घाट चढून उंडणगावकडून जंजाळ्याला गेलो. हा पठारी किल्ला आहे, तलाव मोठे आहेत आणि म्हशी त्यांत निवांत बसलेल्या असतात. पाणी चहाच्या रंगाचे. लोभाने सरळ पिशवी भरली असती तर तंतू गाळाने बसले असते. खोक्यावर लाखो लिटरचे आयुष्य छापलेले असते ते स्वच्छ पाण्याचे. पाणी पातेल्यात घेऊन तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवला, रुमालाने झाकून अर्धा तास ठेवले, आणि वरचे निवळलेले पाणी तळ न हलवता ओतून घेतले. तुरटी जंतू मारत नाही, पण गाळ एकत्र करून खाली बसवते, आणि गाळ गेला की गाळणी आणि गोळी दोघांचेही काम हलके होते. म्हशींचे तलाव आणि जवळ गाव, म्हणून इथे दोन्ही वापरले, आधी गाळणी आणि मग गोळी. हा क्रम महत्त्वाचा आहे. गढूळ पाण्यातला सेंद्रिय कचराच क्लोरीन खाऊन टाकतो. आणि क्रिप्टोस्पोरिडियम नेहमीच्या मात्रेतल्या क्लोरीनला दाद देत नाही, तो गाळणीत अडकलेला असतो. एकाची उणीव दुसरा भरून काढतो, आणि दोघांचे मिळून वजन पुतण्याच्या बाटलीच्या निम्म्याहून कमी.

घटोत्कच लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. तो पाहून दुपारी सिल्लोडमार्गे परतलो. वाटेत पुतण्याने बाटली ठेवावी की विकावी असे विचारले. ती ठेवावी, रेल्वेत, लग्नाकार्यात आणि परगावच्या लॉजवर तिच्याइतके सोयीचे काही नाही, असे सरांचे म्हणणे पडले आणि मलाही ते पटले. डोंगरासाठी त्याने माझ्यासारखीच गाळणी मागवली, मात्र पिशवीऐवजी शीतपेयाच्या दोन बाटल्या वापरायचे ठरवले. मळक्या पाण्याच्या बाटलीला लाल चिकटपट्टी आणि स्वच्छ पाण्याच्या बाटलीला काहीच नाही, कारण गाळणी कितीही चांगली असली तरी मळक्या बाटलीचे तोंड ओठांना लागले की सगळे मुसळ केरात.

घरी आल्यावर गाळणीच्या स्वच्छ बाजूने सिरिंजने जोरात उलटे पाणी सोडले. पहिल्या दोन सिरिंज तपकिरी निघाल्या, मग पाणी स्वच्छ झाले. वस्तीवर पुतण्याने बोअरच्या पाण्याने ती धुतली होती, त्यामुळे तंतूंवर क्षारांचा थर बसू नये म्हणून तासभर व्हिनेगरमध्ये बुडवून, साध्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवली. पूर्ण वाळायला आठवडा लागतो. ओली डब्यात ठेवली तर बुरशी येते.